आकाशाचे प्रयोग

या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून नजर फिरवली की वाचकाला पहिली शंका येईल ती माणसांच्या संगतीबद्दल. कावसजी दादाभाई नायगमवाला, शंकर बाळकृष्ण दीक्षित, गोविंद स्वरूप, जयंत नारळीकर ही आकाश अभ्यासणारी मंडळी इथे आहेत. प्रत्यक्ष अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीला पु. ल. देशपांडे, श्रीराम लागू, गिरीश कर्नाड आणि विठाबाई नारायणगावकर बसले आहेत. दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याचे आणि तोंडाला रंग लावणाऱ्याचे नाते काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे हेच या प्रस्तावनेचे काम आहे. माझे म्हणणे असे : महाराष्ट्रात आकाशाचे ज्ञान पंडितांच्या घराबाहेर पडले ते रंजनाच्या वाटेने, कथेच्या, व्याख्यानाच्या, नाट्यगृहाच्या, दूरचित्रवाणीच्या वाटेने. पण या वाटेवर ते ज्ञान म्हणून शिल्लक राहिले फक्त तिथे, जिथे सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची आणि स्वतः पडताळून पाहण्याची सोय ठेवली. ही सोय नसेल तर उत्तम खगोलशास्त्रज्ञाचे भाषणसुद्धा दंतकथा होऊन जाते. ती असेल, तर तमाशाच्या फडातही विचाराला जागा मिळते.

आधी उलट बाजू पाहू. श्रोत्यांवाचून ज्ञानाचे काय होते, याचे दाखले पुण्याइतके दुसरीकडे क्वचित सापडतील. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे काही वर्षांत आकाशातल्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळणारे पंचांग काढले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. गणित बरोबर होते, आधुनिक होते. पण लोकांनी ते सरसकट स्वीकारले नाही. घराघरांत जुनीच पंचांगे चालू राहिली. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली आला. भारतीय खगोलाच्या इतिहासावर त्या काळी जगातल्या कोणत्याही भाषेत त्या तोडीचे फार थोडे होते, आणि हा ग्रंथ मराठीत होता. त्याचे इंग्रजी भाषांतर यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. पण त्याहून वाईट म्हणजे ज्या मराठी वाचकांसाठी तो लिहिला होता, त्यांच्यातल्या बहुतेकांना त्याचे नावही माहीत नव्हते. नायगमवालांची कथा तर अधिकच बोचरी आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. पुढे ते कॉलेज अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण पुढे कित्येक दशके देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि यंत्रसामग्री कोडाईकनालला रवाना झाली. शहरात त्याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही की सभा भरवली नाही. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण गावातून निघून गेली आणि गावाला काही गमावल्यासारखे वाटले नाही, कारण ती कधी गावाची झालीच नव्हती.

याच नायगमवालांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे मुक्काम ठोकला होता. त्याच गावी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. ग्रहणाची खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. अशा मोहिमेत दिवसच्या दिवस तालमी चालतात : कोणी काच सरकवायची, कोणी सेकंद मोजायचे, कोणी हाताने प्रभामंडलाचे चित्र काढायचे, हे ठरवून पुन्हा पुन्हा करून पाहिले जाते, कारण प्रयोग एकच आहे आणि पडदा दोन मिनिटांत पडणार आहे. त्याच दिवशी किनाऱ्यावर विजयदुर्गला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर ब्रिटिश युद्धनौकेवरच्या नौसैनिकांना हाताशी धरून हेच करत होते. जेऊरचे नाव आज खगोलाच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला माहीत नाही. विजयदुर्ग मात्र लोकांच्या तोंडी आहे, कारण तिथे एक कथा तयार झाली. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, अशी ती कथा. त्यासाठी बांधलेले ओटे किल्ल्यावर दाखवतात आणि दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो.

कथा सुंदर आहे, पण खरी नाही. १८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात आलेच नव्हते. त्या ग्रहणाचे वेध जमखिंडी, विजापूर, गुंटूर अशा ठिकाणच्या छावण्यांतून घेतले गेले. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांची ग्रहणाविना तपासणी करता येते, हे गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांच्या लक्षात आले. लॉकियर यांनी तेच स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये बसून त्या वर्षीच्या ऑक्टोबरात साधले आणि वर्णपटातली एक पिवळी रेषा ज्ञात मूलद्रव्यांपैकी कोणाचीच नाही या निष्कर्षाला ते पुढे आले. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडले. ते काम रॅम्झे यांचे. लॉकियर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, १८९८ मध्ये, आणि किल्ल्यावरचे ओटे त्या मोहिमेशी जुळतात. दोन ग्रहणे लोकस्मृतीत एकमेकांत मिसळली. हे मी कोकणातल्या लोकांना हिणवण्यासाठी सांगत नाही. उलट ज्या गावाला आपल्या किल्ल्याचे सूर्याशी नाते आहे असे अभिमानाने वाटते, त्या गावाचे मला कौतुक आहे. पण रंजनावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप इथेच उभा राहतो. गोष्ट रंगवून सांगायची म्हटली की सत्याचे कोपरे घासले जातात, आणि गोष्ट जितकी चांगली तितकी ती दुरुस्त करणे अवघड. हा आक्षेप मला मान्य आहे. तो ध्यानात ठेवूनच पुढचे सगळे वाचावे.

पुण्याने दुसरी वाट धरली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९४४ च्या ऑगस्टमध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली; हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. तिचा पत्ता पाहण्यासारखा आहे : टिळक रस्त्यावरचे टिळक स्मारक मंदिर, म्हणजे जिथे रात्री नाटकांचे प्रयोग होतात तीच वास्तू. त्याच रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले, देशातले पहिले. तारांगण ही मुळात नाट्यगृहाचीच एक जात आहे. अंधार, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, वर घुमटावर उमटणारे ठिपके आणि अंधारातून येणारा एक आवाज. पडदा सरकण्याऐवजी सूर्य मावळतो, एवढाच फरक. आणि या सगळ्याच्या मागे मराठी मुलखाची एक जुनी सवय होती : बसून ऐकण्याची. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला असो की देवळातले कीर्तन, पूर्वरंगात विषयाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान हा साचा इथल्या कानांना शतकानुशतके ओळखीचा आहे. सिद्धान्त आणि गोष्ट एकाच बैठकीत ऐकायला मराठी श्रोता तयारच होता. आकाशाच्या अभ्यासकांना त्याच्यासमोर उभे राहायला तेवढा वेळ लागला.

दूरचित्रवाणी आली आणि ही गोष्ट एकदम मोठ्या प्रमाणावर घडू लागली, किंवा बिघडू लागली. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवार, रायचूर, हैदराबाद या पट्ट्यातून खग्रास ग्रहण गेले. महाराष्ट्रात ते मोठ्या प्रमाणात खंडग्रास दिसले. त्या दुपारी दूरदर्शनने चित्रपट दाखवला, लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून. डोळ्यांना इजा होईल ही काळजी खरी होती. पण उपाय असा निवडला की डोक्यावर घडणारी एक अपूर्व घटना सोडून लोक पडद्यासमोर बसले. रस्ते ओस पडले. रंजनाचा वापर आकाश झाकण्यासाठी झाला. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, त्याच दूरदर्शनने उत्तर भारतातले खग्रास ग्रहण थेट दाखवले आणि प्राध्यापक यशपाल यांनी त्यावर घरगुती भाषेत समालोचन केले. यशपाल तोवर घराघरांत ओळखीचे झाले होते ते ‘टर्निंग पॉइंट’ या मालिकेमुळे. त्या मालिकेचे सूत्रधार होते गिरीश कर्नाड : माथेरानला जन्मलेले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले नाटककार आणि नट. कर्नाडांनी तिथे शास्त्रज्ञाचा आव आणला नाही. प्रेक्षकांच्या वतीने प्रश्न पुढे सरकवायचे आणि उत्तर देणाऱ्याला जागा करून द्यायची, हे काम त्यांनी नटाच्या संयमाने केले. ज्याला संवाद कुठे तोडायचा आणि कुठे थांबायचे हे कळते, तोच हे करू शकतो.

१९९५ च्या त्या ग्रहणाच्या वेळी शाळाशाळांतून एक साधी युक्ती शिकवली गेली. एका छोट्या आरशावर काळा कागद चिकटवायचा, कागदाला वाटाण्याहून लहान भोक पाडायचे, आणि त्या आरशाने उन्हाचा कवडसा खोलीतल्या अंधाऱ्या भिंतीवर टाकायचा. भिंतीवर उमटतो तो नुसता उजेड नसतो, सूर्याचे बिंब असते. ग्रहण लागले की त्या बिंबाला घास पडलेला दिसतो. बिंबाचा व्यास अंतराच्या साधारण एकशेदहाव्या भागाइतका भरतो, म्हणजे आरसा भिंतीपासून दहा मीटरवर असला तर जवळपास नऊ सेंटिमीटर. ज्या मुलाने फूटपट्टीने हे मोजले, त्याने सूर्याचा व्यास आणि त्याचे अंतर यांचे गुणोत्तर स्वतः काढले. पुस्तकातल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची त्याला गरज उरली नाही. १९८० आणि १९९५ यांच्यातला फरक मला इथे दिसतो. पडदा दोन्ही वेळा होता, दुसऱ्या वेळी मात्र पडद्याबरोबर भिंतीवर मोजता येईल असे बिंबही होते. दूरचित्रवाणी माणसाला आपोआप विवेकी करते असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याच १९९५ च्या सप्टेंबरात गणपती दूध पितो ही बातमी त्याच पडद्यावरून देशभर पसरली होती.

या पुस्तकात सर्वांत जास्त पाने नारळीकरांना गेली आहेत आणि ती जायलाच हवी होती. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडून विशीतच जगाला माहीत झालेले, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले नारळीकर हे मराठी समाजाला लाभलेले पहिले असे शास्त्रज्ञ, ज्यांना लोक नटासारखे ओळखत होते. त्यांनी विज्ञानकथा लिहायला सुरुवात केली तीही आडून. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली. नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की लेखक सापडतो. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. तिला पहिले पारितोषिक मिळाले ते लेखकाच्या नावाच्या वजनाशिवाय. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके आली आणि ग्रंथालयांत ती कादंबऱ्यांच्या कपाटातून झिजेपर्यंत वाचली गेली. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा साहित्यिकांच्या त्या मांडवात खगोलशास्त्र मुख्य दाराने आत आले होते.

पण कथांपेक्षाही मला त्यांची एक सवय महत्त्वाची वाटते. मुले स्वाक्षरी मागायला वह्या घेऊन येत. स्वाक्षरी हे खरे तर सिनेनटांच्या जगातले चलन. ज्याच्याकडून ती घ्यायची त्याच्याशी पुन्हा बोलायचे नसते. नारळीकर मुलांना सांगत की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन, त्या उत्तराखाली सही असेल. पोस्टकार्डे येत आणि ते उत्तरे लिहीत. म्हणजे चाहत्याला चाहता राहू न देता त्याला विचारणारा करायचे, तेही पोस्टाच्या खर्चात. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सुरू झाली. त्या संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने ठेवण्याची प्रथा पडली. तिथेही भाषणानंतरच्या प्रश्नांना भाषणाइतकाच मान असतो. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या त्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. मुले त्यांच्याभोवती खेळतात, त्यांना नमस्कार करायची तिथे पद्धत नाही.

याच आवारात पुलस्त्य नावाची एक इमारत आहे. मुलांनी हाताने काही करून पाहावे म्हणून उभारलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका तिथे आहे. ती उभी राहिली पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याच्या नावात पुलंचे नाव बसवून ती वास्तू त्यांची झाली. मराठी माणसाला सर्वाधिक हसवणाऱ्या लेखकाने मागे ठेवलेला पैसा मुलांच्या प्रयोगशाळेत गेला, हे या पुस्तकातल्या संगतीचे सर्वांत ठोस समर्थन आहे. अरविंद गुप्तांनी तिथे दहाएक वर्षे काम केले. त्यांचा एक प्रयोग असा. सरबताच्या नळीचे टोक दोन तिरक्या काटांनी कापायचे, ते दातांत हलके दाबून फुंकायचे, आणि वाजत असतानाच नळी कात्रीने तुकड्या-तुकड्यांनी कापत जायची : सूर चढत जातो. खोली हसते, कारण ते गमतीचे असते. आणि हसता हसता हवेच्या स्तंभाची लांबी आणि स्वराची उंची यांचा संबंध प्रत्येकाने आपल्या कानाने ऐकलेला असतो. पुलंना पेटीवर बसलेले ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या देणगीत आणि या नळीत काही परके वाटणार नाही.

आता दुसरा आक्षेप. लोकप्रिय शास्त्रज्ञाचा शब्द लोकांना शास्त्राचा शब्द वाटतो, आणि तो शास्त्रज्ञ चुकत असला तर? नारळीकरांच्या बाबतीत हा प्रश्न काल्पनिक नाही. महास्फोटाचा सिद्धान्त जगातल्या बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारला. नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्याला पर्याय मांडला आणि अखेरपर्यंत ते त्या अल्पमताच्या बाजूने राहिले. महाराष्ट्रातल्या लाखो वाचकांनी विश्वाची ओळख करून घेतली ती या अल्पमतातल्या माणसाकडून. यात धोका होता हे मी नाकारत नाही. पण याचा एक परिणाम असाही झाला की विश्वाच्या उत्पत्तीसारख्या विषयावर जाणकारांत मतभेद असू शकतात, आणि ते निरीक्षणांच्या आधारे मांडायचे असतात, हे मराठी वाचकाने सुरुवातीलाच पाहिले. निकालाआधी त्याला वाद दिसला. शाळेच्या पुस्तकातून विज्ञान येते तेव्हा नेमके हेच हरवलेले असते. ज्याला आज महास्फोट पटतो आणि नारळीकरांचा पर्याय पटत नाही, त्याने तो निर्णय बहुधा त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने घेतला असेल.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. इतकी व्याख्याने, इतक्या कथा, एवढी तारांगणे झाली. तरी पत्रिका बघणे कमी झाले का? वृत्तवाहिन्यांवर सकाळी राशिभविष्य चालते, आणि ज्या घरात नारळीकरांची पुस्तके आहेत त्याच घरात लग्नाआधी गुणमेलन होते. याला उत्तर म्हणून मी एक चाचणी पुढे ठेवतो. नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये ती घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवले असते तर पन्नास भरले असते. या चाचणीचे मोल निकालापेक्षा तिच्या रीतीत आहे. फलज्योतिष हासुद्धा एक प्रयोगच असतो, उत्तम रंगलेला : पोथी आहे, आवाजाची पट्टी आहे, श्रोत्याच्या चेहऱ्यावर खिळलेली नजर आहे. त्यात नसते ती एकच गोष्ट, ती म्हणजे श्रोत्याने हिशेब ठेवण्याची मुभा. या तिघांनी ती मुभा बाहेरून आणली. पत्रिका बघणे त्यामुळे थांबले नाही, हे खरे. पण पटो न पटो, मराठी माणसाकडे आता एक आकडा आहे, आणि तो कोणालाही पुन्हा काढून पाहता येतो.

दाभोलकरांनी हीच रीत रंगमंचावरही नेली. श्रीराम लागू आणि ते विवेकजागराच्या वादसंवादात समोरासमोर बसत. लागू म्हणत देवाला निवृत्त करा, दाभोलकर म्हणत श्रद्धेला हात न लावता अंधश्रद्धेशी लढता येईल, आणि गावोगावचे प्रेक्षक दोघांनाही अडवत. मराठी रंगभूमीच्या एका थोर नटाने तयार संहितेवाचून, प्रेक्षकांच्या प्रश्नांच्या भरवशावर उभे राहून केलेले ते काम त्याच्या गाजलेल्या भूमिकांइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. दाभोलकर ज्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते त्याचे कार्यालय शनिवार पेठेत आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी त्यांची हत्या झाली ती या पेठेला लागून असलेल्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर. पलीकडच्या तीराला बालगंधर्व रंगमंदिर आहे. प्रश्न विचारण्याची सोय ठेवणे ही मवाळ, निरुपद्रवी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नकाशावर एकदा पाहावे.

अंतराळवीरांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावरचे लेख पुरेसे बोलके आहेत. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ मधून गेले; शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी ॲक्झियम-४ मोहिमेवर. दोघेही पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून तयार झाले. शर्मांना पंतप्रधानांनी विचारलेला प्रश्न आणि त्यांनी इक्बालांच्या गीताच्या आधाराने दिलेले उत्तर देशाला पाठ आहे. सल्यूत अंतराळस्थानकावर त्या आठवड्यात त्यांनी कोणते प्रयोग केले ते विचारा, शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. वीरपूजेचा हा दोष आहे आणि तो शर्मांचा नाही. शुक्ला अंतराळस्थानकावरून पंतप्रधानांशी बोलले तसे शाळकरी मुलांशीही बोलले. मुलांनी झोपण्याबद्दल, खाण्याबद्दल, आजारी पडल्यास काय करता याबद्दल विचारले. एकेचाळीस वर्षांत विचारणारे बदलले. हा बदल मला लहान वाटत नाही.

शेवटचा आक्षेप माझ्या स्वतःच्या पेठेवरच आहे. टिळक रस्ता, शनिवार पेठ, आयुका. हे सगळे एका शहरातल्या, एका विशिष्ट शिकलेल्या वर्गाचे कौतुक तर नव्हे? बऱ्याच अंशी तसे आहे. छत्रे-दीक्षितांपासून व्याख्यानमालांपर्यंत समोर बसलेला श्रोता कोण होता, हे सांगायला नको. म्हणूनच पुस्तकाचा शेवटचा भाग पुण्याबाहेर, जुन्नर तालुक्यात घडतो. नारायणगावपासून थोड्याच अंतरावर खोडद आहे. डोंगरांच्या आडोशाला, रेडिओचा गोंगाट कमी म्हणून गोविंद स्वरूप यांनी तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा केला असता तर वारा तिला ढकलत राहिला असता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. त्यांनी तो पोलादी तारांच्या ताणलेल्या जाळीचा केला : वारा आरपार जातो, लांब तरंगलांबीच्या लहरी मात्र परत फिरतात. आणि नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई इथल्या. यात्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या देतात. मराठी तमाशात सवाल-जवाब आहे. कलगी आणि तुरा अशा दोन बाजू एकमेकींना कोडी घालतात, त्यांत सृष्टी कशी झाली, आधी काय होते, असले प्रश्नही असतात, आणि ज्याला जवाब येत नाही तो भर फडात हरतो. ही उत्तरे पुराणांतली असत, मोजमापातली नव्हेत, हे मान्य. परंतु प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते आणि हरणे सर्वांदेखत होते, हा नियम या मातीतल्या माणसाला कोणा विद्यापीठाने शिकवलेला नाही.

दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदच्या दुर्बिणीचे आवार सर्वांना खुले होते. आसपासच्या शाळांची मुले आपापले प्रयोग टेबलांवर मांडून उभी असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते समजावून सांगतात. पाहणारा शेतकरी असतो, एसटीने आलेला शिक्षक असतो, कधी खगोलशास्त्राचा प्राध्यापकही असतो, आणि तो मध्येच थांबवून विचारतो की हे असेच का होते. मुलाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते, नाहीतर प्रयोग पुन्हा करून दाखवावा लागतो. या पुस्तकात त्या मुलांपैकी कोणाचे नाव नाही. त्यांच्यातल्या कोणावर लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही. अनुक्रमणिकेत विठाबाईंवरचा आणि गोविंद स्वरूपांवरचा असे दोन लेख शेजारी-शेजारी लावले आहेत ते या आवाराकडे पाहून, आणि वाचकाने पहिल्या लेखापासून सुरुवात करण्याऐवजी या दोन लेखांपासून केली तरी चालेल.

शनिवार पेठ, पुणे